‘काही विशेष?’ विचारल्यावर जे सांगता येत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या बाई 43 वर्षांच्या आहेत. जबाबदारीची नोकरी, घरी दोन शाळकरी मुलं, सासूबाईंचं आजारपण. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहतो. तो दर रविवारी फोन करायचा आणि शेजाऱ्यांच्या मांजरापासून स्वतःच्या दुखऱ्या खांद्यापर्यंत वाटेल त्या विषयावर तासभर बोलायचा. हळूहळू बाईंना ते जड जाऊ लागलं. फोन स्पीकरवर टाकून त्या ऑफिसचे मेल बघायच्या, मध्येच ‘बरं, काही विशेष?’ विचारायच्या, कधी ‘थोडक्यात सांग रे’ म्हणायच्या. तासाचे फोन वीस मिनिटांवर आले, पुढे दहावर, आणि मग महिन्यातून कधीतरी. अलीकडे मावसभावाकडून त्यांना कळलं, की भावाची नोकरी चार महिन्यांपूर्वीच गेली आहे. त्यांनी भावाला जाब विचारला. तो म्हणाला, “सांगणार होतो गं ताई. पण तू ‘काही विशेष?’ म्हणालीस की तेवढ्यात ते सांगायला जमायचं नाही.”

त्यांचे प्रश्न असे : एवढी मोठी गोष्ट होती, तर सरळ सांगायची ना! अडीअडचणीला मी कायम उभी राहिले, हे त्याला ठाऊक नाही का? आता दर रविवारचा अर्धा तास त्याच्यासाठी राखून ठेवायचा आणि काय काय विचारायचं ते आधी लिहून ठेवायचं, असं मी ठरवलंय. तेवढं पुरेल का? माफी मागावी का? पत्राखाली ता. क. आहे : “एक लिहायचं राहिलं. मीसुद्धा कित्येक दिवसांत कुणाशी कामाशिवाय बोललेले नाही. फोन करावा असं नावच सुचत नाही.”

उत्तर

‘एवढी मोठी गोष्ट होती, तर सरळ सांगायची ना’ हे तुमचं वाक्य आधी घेऊ. रागाच्या भरात लिहिलेलं असलं तरी त्यात एक समजूत दडलेली आहे, आणि ती आपल्यातल्या बहुतेकांची असते. गोष्ट जेवढी मोठी, तेवढी माणूस ती चटकन सांगून मोकळा होतो, असं आपण धरून चालतो.

आनंदाच्या बातमीपुरतं ते खरं आहे. बढती मिळाली, बाळ झालं, मुलगा परीक्षेत पास झाला, की कधी एकदा सांगतो असं होतं. नोकरी गेल्याचं तसं नसतं. त्यात पैशाची काळजी असते, लाज असते, आपलंच काही चुकलं का ही शंका असते. तुमच्या भावाला तर हे सगळं, घर-नोकरी-आजारपण एकहाती सांभाळणाऱ्या मोठ्या बहिणीला सांगायचं होतं. मला वाटतं, त्या वेळी त्याच्याकडे सांगण्याजोगं वाक्यच तयार नसेल. अशा गोष्टी मनात आधी नीट जुळवून मग बोलल्या जात नाहीत. त्या बोलता बोलताच जुळत जातात, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला आधी बरंच इकडचं तिकडचं बोलावं लागतं.

शेजाऱ्यांचं मांजर आणि दुखरा खांदा तुम्हाला वेळ खाणारं पाल्हाळ वाटलं. मी ते वेगळं वाचलं. पाण्यात उतरण्याआधी माणूस पाय बुडवून बघतो, तसं ते होतं. हिचं लक्ष आहे का, आज हिचा आवाज कसा आहे, खांद्याचं सांगितलं तर ही विचारपूस करते की ‘डॉक्टरला दाखव ना मग’ म्हणून विषय मिटवते, हे तो चाचपत होता. जाणूनबुजून नव्हे. आपण सगळेच हे नकळत करतो. लहान गोष्ट ऐकून घेतली गेली की त्याहून थोडी मोठी पुढे करतो, आणि लहान गोष्टीलाच घाई भेटली तर मोठी तशीच परत घेऊन जातो.

हा अनुभव फक्त घरातला नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांच्या बोलण्यात तो मोजला गेला आहे. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 1984 साली रुग्णभेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाने आपली तक्रार सांगायला सुरुवात केली की सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवत आणि पहिल्यांदा उच्चारलेल्या दुखण्याचा माग काढू लागत. सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करण्याची संधी केवळ 23 टक्के भेटींत मिळाली होती. यातली गोम अशी, की माणूस जे आधी सांगतो तेच त्याचं सर्वांत गंभीर दुखणं असेल असं नसतं. गुडघा आधी सांगितला जातो, आणि रात्री छातीत होणारी धडधड तशीच राहून जाते.

डॉक्टर अडवत ते दुष्टपणाने नव्हे. बाहेर रांग असते आणि बोलू दिलं तर हा थांबणारच नाही अशी धास्ती असते. ही धास्तीही तपासून झाली आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथल्या रुग्णालयात डॉक्टरांना रुग्णाचं बोलणं न अडवता ऐकायला शिकवलं आणि 335 रुग्ण आपण होऊन किती वेळ बोलतात ते मोजलं. 2002 साली ते निष्कर्ष छापून आले. सरासरी वेळ निघाली 92 सेकंद. दोन मिनिटांच्या आत आपलं म्हणणं संपवणारे 78 टक्के होते. आणि जे बोललं गेलं ते कामाचं होतं, असं त्या डॉक्टरांनीच सांगितलं.

हे आकडे मी अशासाठी दिले, की तुमच्या पत्रात तीच धास्ती मला दिसली. ‘त्याला मोकळं सोडलं तर तास जातो,’ असं तुम्हाला वाटतं. कदाचित तो तासभर बोलायचा, कारण तासभर बोलूनही आपण ऐकले गेलो असं त्याला वाटत नव्हतं. स्पीकरवर टाकलेल्या फोनवर समोरच्याला ते कळतं. कीबोर्डचा आवाज जातो, ‘हं… हं…’ नको तिथे पडतं, विनोदावरचं हसू अर्धा क्षण उशिरा येतं. मग बोलणारा आणखी बोलतो, नवा विषय काढतो, लक्ष वेधून घ्यायला बघतो. अर्धवट ऐकल्याने वेळ वाचतो असं वाटतं खरं, पण तो वाचत नाही. आणि ‘थोडक्यात सांग’ म्हटल्यावर जे आधी गळून पडतं, ते मांजर नसतं. ज्याला अजून शब्द सापडलेले नाहीत, ते पहिलं गळतं.

तुमची दुसरी समजूत मला जास्त नाजूक वाटते : ‘अडीअडचणीला मी कायम उभी राहिले.’ ते खरं असणार. पण ज्या नात्यात बोलण्याचं निमित्त फक्त अडचण असतं, तिथे बोलायला यायचं तर अडचणीत सापडलेला माणूस म्हणूनच यावं लागतं. चार महिने नोकरी नसलेल्या माणसाचा दिवस कसा जात असेल बघा. जो भेटतो तो विचारतो, काही जमलं का, कुठे अर्ज केलास, पुढे काय. प्रश्न मायेने विचारलेले असतात, पण प्रत्येक प्रश्नागणिक तो ‘नोकरी गेलेला’ होत जातो. मांजराची गोष्ट सांगताना मात्र तो तुमचा गमत्या भाऊ असतो, नकला करणारा, निरीक्षण चांगलं असणारा. ते त्याला मदतीइतकंच, कदाचित मदतीहूनही जास्त हवं असेल.

कामाचं बोलणं आणि बिनकामाचं बोलणं यांची जागाच वेगळी असते. पॉली वीस्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांमध्ये अनेक वर्षं काम केलं. त्यांचं दिवसाचं आणि रात्री शेकोटीभोवतीचं बोलणं त्यांनी ताडून पाहिलं आणि 2014 साली प्रसिद्ध केलं. दिवसा 31 टक्के बोलणं पोटापाण्याचं होतं, 34 टक्के तक्रारी, टीका आणि भांडणतंट्याचं. गोष्टी सांगण्याचा वाटा जेमतेम 6 टक्के. रात्री तोच वाटा 81 टक्क्यांवर जायचा. माणसं तीच, पण उजेड गेला, काम थांबलं आणि बोलणं बदललं. दूरच्या माणसांच्या, जुन्या प्रसंगांच्या, हसण्यारडण्याच्या गोष्टी निघू लागल्या. आपल्याकडे आता दिवसाचं बोलणं रात्रीतही शिरलंय. दिवा कधीही लावता येतो, मेल कधीही येतो. कामाशिवायच्या बोलण्याची वेळ पूर्वी आपोआप मिळायची, ती आता मुद्दाम काढावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून अर्धा तास राखून ठेवायच्या तुमच्या बेताला माझा विरोध नाही. अवश्य ठेवा. प्रश्नांची यादी मात्र करू नका. यादी हातात असली की तुमचे कान पुढच्या प्रश्नाकडे लागतात. ‘खांदा कसा आहे?’ ‘बरा आहे.’ ‘झोप लागते का?’ ‘लागते.’ त्याला ही चौकशी वाटेल, आणि नेमक्या चौकशीतूनच तो पळतोय. यादीतला प्रत्येक प्रश्न चांगल्या मनाने लिहिलेला असला, तरी त्या यादीवर त्याला जे बोलायचंय ते नसण्याचीच शक्यता जास्त, कारण ते काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि त्यालाही पुरतं माहीत नसेल.

अर्ध्या तासाबद्दल एवढंच, की संपायची वेळ डोक्यात ठेवून बसलात तर तो अर्धा तास घाईतच जाईल. आठवड्याला राखीव तासभर काढून घड्याळ बघण्यापेक्षा, ज्या दिवशी पुढे काही नाही अशा दिवशीची वीस मिनिटं बरी. मुलं झोपल्यावरची वेळ असेल, चालायला जातानाची असेल. निवांतपणा आणि लांबी यांची आपण गल्लत करतो. माझ्या माहितीतल्या काही फार मोलाच्या गप्पा जेमतेम दहा मिनिटांच्या होत्या, पण त्या दहा मिनिटांत कुणालाच कुठे जायचं नव्हतं. शिवाय प्रत्येक फोन ‘छान’ व्हायला हवा, असा आग्रह धरू नका. काही रविवार कंटाळवाणे जातील, दोघंही उगाच हवापाण्याबद्दल बोलाल. ते फुकट गेले असं समजू नका. पुढच्या एखाद्या रविवारी तो काही बोलला, तर त्यात या कंटाळवाण्या रविवारांचाही वाटा असेल.

हातात काही काम चालेल का? चालेल, पण कुठलं ते महत्त्वाचं. कपड्यांच्या घड्या घालणं, चालणं, झाडांना पाणी देणं चालतं, उलट त्याने बोलणं सैल होतं. ज्या कामात शब्द वाचावे किंवा लिहावे लागतात, ते चालत नाही. मेल वाचताना भाऊ ऐकू येत नाही. आणि दोघं एका ठिकाणी असाल तेव्हा समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालणं, गाडीत बसणं, एखादं कपाट मिळून आवरणं, यात अवघड गोष्ट जास्त सहज निघते. डोळ्यांत बघून ‘आता बोल’ म्हटलं की भल्याभल्यांची वाचा बसते.

आता गप्प राहण्याबद्दल. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतलं बोलणं वर्षानुवर्षं तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक मुलाच्या उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबत आणि लगेच दुसऱ्याकडे वळत किंवा स्वतःच बोलू लागत. ही वाट पाहणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मुलांचं बोलून झाल्यावर शिक्षक थांबले, तेव्हाही फरक पडला. फोनवर तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. ‘हॅलो? आहेस ना?’ असं तोंडावर येतं. येऊ देऊ नका. भावाचं वाक्य संपलं असं वाटल्यावर एक श्वास घ्या. पुष्कळदा ते संपलेलं नसतं.

फोन ठेवताना तर हे नक्की करा. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली, माणसं बोलणं संपवतात कसं यावरच एक लेख लिहिला होता. बोलणं एकदम तुटत नाही. आधी ‘बरं मग’, ‘चल तर’, ‘बाकी काय?’ असं काहीतरी येतं. त्याला स्वतःचा असा विषय नसतो. आता संपवायचं का, की अजून काही राहिलंय, असं ते समोरच्याला विचारत असतं, आणि राहिलेली गोष्ट काढायला तिथे जागा मिळते. ‘अगं हो, एक सांगायचं राहिलं’ हे नेमकं तिथे येतं. डॉक्टरांनाही हा अनुभव असतो : तपासणी झाली, कागद हातात पडला, दाराशी गेलेला रुग्ण वळून म्हणतो, ‘अजून एक विचारायचं होतं,’ आणि खरं दुखणं तेव्हा कळतं. तुम्ही ‘चल मग’ म्हणता आणि त्याच श्वासात फोन ठेवता का, हे एकदा आठवून बघा. घाईत असलेली बहुतेक माणसं तसंच करतात. ‘चल मग’ म्हणा आणि थांबा. काही आलं नाही तर नाही. पण दार उघडं होतं हे त्याला कळेल.

बोलायचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी तो पडणार. चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञांनी रोजच्या गप्पा ऐकून एक साधा फरक दाखवला होता. कुणी म्हणालं, ‘मी हल्ली फार थकतो,’ की एक उत्तर येतं, ‘मी पण रे, आमच्याकडे तर…’ आणि दुसरं येतं, ‘कशाने, झोप होत नाही का?’ पहिल्याने बोलण्याची दिशा आपल्याकडे वळते, दुसऱ्याने ती बोलणाऱ्याकडेच राहते. पहिलं उत्तर वाईट असं मी म्हणत नाही. जवळच्या माणसांत दोन्ही लागतात. फक्त सवयीने सगळी उत्तरं पहिल्या जातीची होतात का, तेवढं बघा. आणि एक तिसरी जातही असते, मोठ्या बहिणींची खास : लगेच उपाय सांगणं. ‘असं कर, त्याला भेट, हा अर्ज भर.’ त्याने विचारलं तर जरूर सांगा. विचारलं नाही तर तोंडावर आलेला उपाय पाच मिनिटं तसाच ठेवा. बऱ्याच वेळा तो त्यालाही सुचलेला असतो.

तुम्हीही बोला. हे मला आवर्जून सांगायचंय, कारण तुमच्या पत्रात भावाला तुम्ही काय सांगत होतात याचा उल्लेखच नाही. तुमच्याकडून त्याला काय कळत असेल? मुलांचे निकाल, सासूबाईंचे रिपोर्ट, सगळं ठीक. म्हणजे कामाचे निष्कर्ष. ज्या बहिणीचं सगळं ठीक चाललंय तिला आपलं बिघडलेलं कसं सांगायचं? एखाद्या रविवारी तुम्ही त्याला सांगून बघा, की या आठवड्यात ऑफिसात रडू आलं होतं आणि कारण नीट कळलं नाही. मुद्दाम रडगाणं गाऊ नका. जे खरं झालं ते, बारीक असलं तरी. त्याने खांद्याचं सांगून जसं चाचपून पाहिलं, तसं तुम्हालाही करता येईल.

हे वाचणाऱ्यांत असेही असतील, जे म्हणतील, ‘आमच्याकडे उलटं आहे, समोरचा दोन तास सोडत नाही आणि आम्ही जिवंत आहोत का हेही विचारत नाही.’ त्यांच्यासाठी : तुम्हाला निवांत ऐकण्याची सक्ती नाही. जिथे वर्षानुवर्षं एकच माणूस बोलतो आणि दुसरा कान होऊन राहतो, तिथे मी मोकळ्या गप्पांचा आग्रह धरणार नाही. तिथे ‘आज मला पंधरा मिनिटं आहेत’ हे सुरुवातीलाच सांगावं आणि पाळावं. जवळच्या माणसांनाही हे सांगायला हरकत नाही. ‘आत्ता घाईत आहे, रात्री नऊनंतर मोकळी आहे, तेव्हा करू का?’ यात अपमान नाही. अर्ध्या कानाने ऐकण्यात आहे.

बोलणं किती चालावं याचा अंदाज तसाही कुणाचाच बरोबर येत नाही. ॲडम मॅस्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोघांनाही जेव्हा संपायला हवं होतं नेमकं तेव्हा संपलेली संभाषणं फक्त 2 टक्के निघाली. लोक जास्त वेळ अडकून पडतात हा त्यातला अर्धाच भाग. बऱ्याच जणांना आणखी बोलायचं होतं, आणि समोरच्याला काय हवंय याचा अंदाजही लोकांना नीट येत नव्हता. तेव्हा थेट विचारलेलं बरं : ‘तुला वेळ आहे ना अजून? मला आहे.’

आणि जे तुमच्या भावाच्या जागी आहेत, ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही आहे आणि समोरचा सतत घाईत, त्यांनी कृपा करून समोरच्याने ओळखण्याची वाट पाहत बसू नये. ‘मला तुझ्याशी जरा निवांत बोलायचंय, कधी जमेल?’ एवढं म्हणता येतं. काय ते नंतर सांगता येईल. वेळ मागणं हे गोष्ट सांगण्याहून सोपं असतं, आणि ती पायरी चढली की पुढची थोडी खाली येते.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला वेगळं सांगेन. निवांत बोलत राहा, तो सांगेल तेव्हा सांगेल, हे साध्या दिवसांसाठी आहे. त्याच्या बोलण्यात ‘कशालाच अर्थ नाही’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही आलं, तो जेवत-झोपत नाही असं जाणवलं, तर वाट पाहू नका. तेव्हा सरळ, स्पष्ट शब्दांत विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. आणि मावसभावाला सोबत घेऊन त्याला डॉक्टरांकडे न्या. मोकळ्या गप्पांनी पुष्कळ गोष्टी होतात, पण त्या उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत.

आता तुमची ता. क. तुम्ही पानभर भावाबद्दल लिहिलंत, सही केलीत, आणि मग स्वतःबद्दल दोन ओळी लिहिल्यात. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हे वारंवार दिसतं : खरं मागणं सहीच्या खाली असतं. तुम्हाला कुणी ‘थोडक्यात लिहा, प्रश्न काय तेवढा सांगा’ म्हटलं असतं, तर त्या ओळी आल्याच नसत्या. भावाला ‘सरळ सांगायची ना’ म्हणणाऱ्या तुम्हालाही तिथवर पोचायला पानभर लिहावं लागलं. हे मी तुम्हाला पकडण्यासाठी म्हणत नाही. तुम्ही दोघं किती सारखे आहात ते दिसावं, म्हणून म्हणते.

नाव सुचत नाही, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं नावं सुचतात, पण प्रत्येक नावापुढे एक ‘पण’ येतो. इतक्या वर्षांनी कसा करू, तिला काय वाटेल, बोलू काय. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2021 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायचा, काहींनी ईमेलने, काहींनी फोनने. फोनवर अवघडल्यासारखं होईल, असा लोकांचा आधी अंदाज होता. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना ईमेलवाल्यांपेक्षा जास्त अवघडलं नाही, आणि जवळीक मात्र जास्त वाटली. तेव्हा लिहीत बसू नका, नंबर लावा. ‘काही काम नाही, आठवण आली म्हणून केला’ हे पहिलं वाक्य ठेवा, कारण हल्ली अचानक आलेला फोन म्हटलं की लोक आधी घाबरतात. शाळेतली मैत्रीण असेल, जुन्या ऑफिसातली असेल. तिने उचलला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी ती करेल. आणि खरं तर यादीतलं पहिलं नाव तुमच्या भावाचंच असू शकतं. त्याला तुमची मदत लागेल हे तुम्ही धरून चाललाय. तुम्हालाही तो लागतो, हे त्याला कधी ऐकायला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

माफीचं विचारलंत. मागा, फोनच्या सुरुवातीलाच आणि एका वाक्यात : ‘मी तुझं नीट ऐकत नव्हते, चुकलं माझं.’ कारणं देऊ नका, मुलं, ऑफिस, सासूबाई हे सगळं त्याला माहीत आहे. नोकरीचा विषय तुम्ही काढू नका, तुम्हाला कळलंय हे त्याला ठाऊक आहेच, त्याला वाटेल तेव्हा तो काढेल. माफी लांबवूही नका. तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात, तर त्याला तुमची समजूत काढत बसावं लागेल, आणि सध्या त्याच्यापाशी तेवढं बळ शिल्लक असेलच असं नाही.